मेथीही वाचवायची, ससेही

ताई, नमस्कार. आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी घर घेतलं, मागे चांगलं मोठं अंगण आहे. सासूबाई मे महिन्यात सांगलीहून आल्या आणि आठवड्याभरात त्यांनी मागे १२ बाय ८ फुटांचा वाफा केला. मेथी, कोथिंबीर, पालक, घेवडा, कडेला टोमॅटो-मिरची. मेथी चार बोटं वर आली आणि एका रात्रीत अर्धा वाफा साफ झाला. घेवड्याचे नुसते दांडे उरले. संध्याकाळी दोन ससे हिरवळीवर बसलेले दिसतात. हाकललं की दहा फुटांवर जाऊन पुन्हा बसतात. शेजारी म्हणतात डांबराच्या गोळ्या टाका. नवरा म्हणतो पिंजरा आणू आणि लांबच्या पार्कात सोडून येऊ. सासूबाईंनी लाल तिखट भुरभुरलं, ते पावसात वाहून गेलं. सात वर्षांचा मुलगा सशांना काही करू नका म्हणून रडतो आणि सासूबाईही म्हणतात, "मुक्या जनावराचा तळतळाट नको." त्या ऑक्टोबरात परत जाणार आहेत. त्याआधी स्वतःच्या हातची मेथीची जुडी काढावी एवढीच त्यांची इच्छा आहे. काय करू?

— एक वाचक, न्यू जर्सी

आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. परक्या मुलुखात, ओळख नसलेल्या मातीत आल्या आल्या ज्यांनी वाफा केला, त्यांची मेथी वाया जाऊ द्यायची नाही, हे मी पत्र वाचतानाच ठरवलं.

उत्तर सरळ आहे. जाळी लावा. दोन फूट उंच, बारीक छिद्रांची आणि जमिनीपाशी पक्की. मी पेनसिल्व्हेनियात १९ वर्षं भाजी लावते आहे. पहिली काही वर्षं मी जाळी सोडून बाकी सगळं करून पाहिलं. साबणाच्या वड्या टांगल्या, केस पसरले, प्लास्टिकचं घुबड आणून खुंटावर बसवलं. प्रत्येक उपायाला ससे दोन-चार दिवसांत सरावले. जाळी लावल्यापासून माझा पालक माझ्या घरात येतो. आणि या सगळ्यात मी शिकले ते हे, की सगळे जाळीची उंची बघतात, पण ससा वरून क्वचितच येतो. तो खालून येतो. तुमचा वाफा वाचणार की नाही, हे जमिनीलगतच्या सहा इंचांवर ठरणार आहे.

पण जाळी आणायला निघण्याआधी दोन गोष्टी करायच्या आहेत, आणि त्यातली दुसरी तर टाळूच नका.

पहिली म्हणजे खाणारा ससाच आहे याची खात्री. तुम्हाला संध्याकाळी ससे दिसतात, पण न्यू जर्सीत हरणंही काही कमी नाहीत आणि जमिनीत बिळं करणारा ग्राउंडहॉगही आहे. घेवड्याचे जे दांडे उरलेत ते जवळून बघा. सशाचे पुढचे दात धारदार असतात, त्यामुळे देठ विळीवर चिरल्यासारखा तिरका, स्वच्छ कापलेला दिसतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. ते पाला ओढून तोडतं, म्हणून टोक फाटलेलं, दोरे निघालेलं राहतं. सशाचं खाणं दोन फुटांच्या खाली असतं आणि जवळपास वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या सापडतात. भर दिवसा रोपंच्या रोपं नाहीशी होत असतील आणि शेडखाली मोठं बीळ व त्यापुढे मातीचा ढीग दिसत असेल, तर तो ग्राउंडहॉग समजा. तो जाळीवर चढतोही आणि खालून उकरतोही, त्यामुळे त्याला ही दोन फुटी जाळी पुरत नाही. तुमच्या वर्णनावरून मला हे ससेच वाटतात. एका रात्रीत कोवळी मेथी आणि घेवडा जाणं आणि टोमॅटो-मिरचीला फारसा धक्का न लागणं ही सशाचीच रीत.

मेथीच का, याचंही कारण आहे. मेथी, घेवडा, मटार आणि तुमच्या हिरवळीत उगवणारं तीन पानांचं क्लोव्हर हे सगळं एकाच शेंगवर्गीय कुळातलं. क्लोव्हर हे इथल्या सशाचं आवडतं खाणं. सासूबाईंनी त्याच्यासमोर त्याच्याच खाण्याचा कोवळा, दाट, पाणी घातलेला वाफा लावून ठेवला. मी असते तर मीही खाल्ला असता.

आता या सशाविषयी थोडं, कारण सासूबाईंच्या डोळ्यांसमोर जो ससा आहे तो हा नव्हे. आपल्याकडच्या माळरानावरचा ससा मोठा, लांब पायांचा आणि लांब कानांचा असतो, मानेमागे काळा पट्टा. रात्री गाडीच्या उजेडात दिसला तर दिसला. त्याची पिल्लं अंगावर लव आणि डोळे उघडे घेऊनच उघड्यावर जन्मतात. इथल्या अंगणात दिसतो तो कॉटनटेल. लहान, करडा-तपकिरी, आणि पळताना शेपटीची खालची बाजू कापसाच्या बोंडासारखी चमकते, त्यावरूनच हे नाव पडलं. त्याला माणसांच्या वस्तीचं वावडं नाही. हिरवळ, झुडपं, डेकखालची पोकळी, हे सगळं त्याच्या दृष्टीने उत्तम घर. तो स्वतः खोल बिळं खणत नाही. तुमच्यासाठी ही फार चांगली गोष्ट आहे, कारण जाळी फूटभर जमिनीत पुरायची गरज पडत नाही. आणि याची पिल्लं मात्र डोळे मिटलेली, उघडी-नागडी जन्मतात, आणि तीही तुमच्या-माझ्या हिरवळीत, जमिनीतल्या उथळ खळग्यात.

म्हणून ती दुसरी गोष्ट. जाळी लावण्याआधी वाफ्यात आणि भोवतालच्या गवतात घरटं आहे का ते शोधायचं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी पहिली जाळी लावली ती मे महिन्यातल्या एका शनिवारी. दिवसभर खपून काम संपवलं. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं तर एक ससा जाळीच्या कडेकडेने फेऱ्या मारत होता. या टोकाला जायचा, परत यायचा, मागच्या पायांवर उभा राहून जाळीला नाक लावायचा. मला वाटलं, बरं झालं, आता याला आत येता येत नाही. मला समाधान वाटलं, आणि ते समाधान मला आजही सलतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मटाराच्या ओळीत तण काढताना हाताला वाळक्या गवताचा पुंजका लागला. वर उचलला तर खाली करड्या केसांचं अस्तर आणि त्यात चार पिल्लं, माझ्या अंगठ्याएवढी. पोटं खपाटीला गेलेली. ती जाळीभोवती फिरणारी त्यांची आई होती.

मी गवत जसंच्या तसं झाकलं, जाळीची एक बाजू उपटून विटेवर टेकवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. अंधार पडता पडता ती आली. खळग्यावर उभी राहिली, चार-पाच मिनिटं, आणि गेली. चौथं पिल्लू वाचलं नाही. तिघं दोन आठवड्यांत मोठी होऊन निघून गेली. त्या वर्षी आम्हाला मटार मिळाले नाहीत, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हा हे नीट करा. इथे वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत सशांची वीण चालू असते. मादी साधारण २८ दिवसांत विते आणि हंगामात तीन-चार वेळा पिल्लं घालते, एका वेळी चार-पाच. जून म्हणजे ऐन हंगाम. घरटं म्हणजे चार-पाच इंच खोल, वाटीएवढा खळगा. आत वाळलं गवत आणि मादीने स्वतःच्या अंगावरून उपटलेले केस, वर पुन्हा गवताचं झाकण. लांबून हिरवळीत एखादी जागा करपल्यासारखी दिसते, एवढंच. वाफा, वाफ्याची कड आणि सगळीकडून तीन-चार फूट गवत हाताने विंचरल्यासारखं बघा. या कामात मुलाला घ्या. सात वर्षांच्या पोरांचे डोळे जमिनीच्या जवळ असतात आणि त्यांना घाई नसते. तोवर त्या भागात गवत कापायचं यंत्र फिरवू नका.

घरटं सापडलं तर ते हलवायचं नाही. दुसऱ्या "चांगल्या" जागी ठेवलेलं घरटं आईला सापडत नाही. पिल्लांचे डोळे साधारण आठवड्याभरात उघडतात आणि दोन ते तीन आठवड्यांत ती घरटं सोडतात. तेवढे दिवस थांबा. आई दिवसा जवळपास दिसत नाही म्हणून तिने पिल्लं टाकली असं समजू नका. ती मुद्दाम लांब राहते, म्हणजे कोल्ह्या-मांजरांना जागा कळत नाही, आणि पहाटे व तिन्हीसांजेला काही मिनिटं येऊन दूध पाजून जाते. ती येते की नाही हे बघायचं असेल तर घरट्यावर दोऱ्याचे चार तुकडे फुली-गोळ्याच्या चौकटीसारखे हलके ठेवा. सकाळी दोरे विस्कटलेले असतील तर आई येऊन गेली. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते हेही खरं नाही. खळग्याबाहेर पडलेलं पिल्लू उचलून आत ठेवलं तर चालतं, फक्त पुन्हा पुन्हा हाताळू नका. मुठीएवढं, कान ताठ, डोळे उघडे असलेलं पिल्लू एकटं फिरताना दिसलं तर ते हरवलेलं नाही, ते आता स्वतंत्र आहे. मांजराने तोंडात धरलेलं किंवा जखमी पिल्लू मात्र घरी वाढवू नका आणि त्याला गाईचं दूध पाजू नका. राज्याच्या वन्यजीव खात्याकडे परवानाधारक वन्यजीव-सेवकांची यादी असते, त्यांना फोन करा.

घरटं नसेल तर लगेच जाळीला लागा.

तुमच्या वाफ्याचा घेर ४० फूट होतो. ५० फुटांची, ३६ इंच रुंद जाळीची गुंडाळी आणा. उरलेल्या दहा फुटांत दार होईल. जाळी दोन प्रकारची मिळते. षटकोनी छिद्रांची ती चिकन वायर, एक इंच छिद्राची घ्या, दोन इंची घेऊ नका, लहान ससे तिच्यातून सहज आत जातात. दुसरी चौकोनी छिद्रांची, जिला दुकानात हार्डवेअर क्लॉथ म्हणतात. नावात कापड असलं तरी ती जस्ताचा मुलामा दिलेली तारेची जाळी आहे, अर्ध्या इंचाची घ्या. ती महाग आहे, वाकवायला कठीण आहे, पण मातीत वर्षानुवर्षं टिकते. चिकन वायर मातीत काही वर्षांत गंजते. परवडत असेल तर हार्डवेअर क्लॉथच घ्या. प्लास्टिकची जाळी नको, ससे ती कुरतडतात. आणि पक्ष्यांसाठीची जी पातळ, सैल नायलॉनची जाळी मिळते ती तर मुळीच नको. तिच्यात साप आणि पक्षी अडकून मरतात. कुणाला दुखवायचं नाही असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हे मुद्दाम सांगते.

३६ इंचांची वाटणी अशी करा: २४ इंच जमिनीवर, ६ इंच जमिनीत आणि शेवटचे ६ इंच मातीखाली बाहेरच्या बाजूला, म्हणजे सशाच्या बाजूला, आडवे वाकवलेले. ससा जाळीपाशी येतो आणि पायाशी उकरायला लागतो. उकरताना त्याला पुन्हा जाळीच लागते. थोडं मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. ही वाकवलेली पट्टीच सगळं काम करते आणि लोक नेमकी तीच गाळतात. खणायचं नसेल तर दुसरी सोपी रीत आहे. २४ इंच उभी ठेवा आणि उरलेले १२ इंच बाहेरच्या बाजूला गवतावर सपाट पसरून इंग्रजी यू आकाराच्या लोखंडी पिनांनी फूट-फूट अंतरावर ठोकून टाका. महिन्याभरात गवत तिच्यातून वर येतं आणि जाळी दिसेनाशी होते. मी पहिल्या रीतीने केली होती. आज करायची झाली तर दुसऱ्या रीतीने करेन, कंबर वाचते.

खणणार असाल तर आधी ८११ या क्रमांकावर फोन करा. सहा इंचच खणायचंय म्हणून सोडू नका. काही दिवस आधी कळवलं की माणसं येऊन जमिनीखालच्या गॅसच्या, विजेच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून जातात. त्याचे पैसे पडत नाहीत. घर नवीन घेतलंय, कुठून काय गेलंय तुम्हाला माहीत नसणार.

खुंट दर चार फुटांवर ठोका, म्हणजे तुम्हाला दहा लागतील, दाराजवळ एक-दोन जास्त. जाळी खुंटांच्या बाहेरच्या बाजूने बांधा. जिथे दोन टोकं भेटतात तिथे एकमेकांवर चांगली चढवून तारेने शिवा, नुसती टेकवून ठेवू नका. कापलेल्या तारेची टोकं फार बोचरी असतात. जाड हातमोजे घाला, टोकं आत दुमडा.

आणि दार. दोन फुटांची जाळी आहे, ओलांडून जाता येईल, असा विचार नवरोबा करतील. करू देऊ नका. साडी नेसलेली, गुडघे दुखणारी बाई हातात पाण्याचा झारा घेऊन ती जाळी दिवसातून चार वेळा ओलांडणार नाही, ओलांडायला गेली तर पडेल. लाकडी पट्ट्यांची छोटी चौकट करून तिला जाळी ठोका, दोन बिजागऱ्या, एक कडी. दाराखाली एक इंचाहून जास्त फट राहता कामा नये. तिथे एक सपाट फरशी उंबऱ्यासारखी बसवा, म्हणजे खालून उकरताही येत नाही आणि सासूबाईंना पाऊल टाकायला घट्ट जागा मिळते. बहुतेक घरांत ससा आत शिरतो तो दारातूनच. संध्याकाळी कडी लावण्याआधी आत कुणी बसलेलं नाही ना, हे एकदा बघायची सवय मुलाला लावा.

आता बाकीच्या उपायांबद्दल.

डांबराच्या गोळ्या कृपा करून टाकू नका. त्या कपड्यांच्या बंद पेटीसाठी असतात. उघड्या बागेत टाकणं हे वेष्टणावरच्या सूचनेविरुद्ध आहे आणि अमेरिकेत कीटकनाशक असं वापरणं बेकायदा आहे. त्यातलं रसायन मातीत उतरतं, आणि त्याच मातीतली मेथी तुम्ही खाणार. पांढरी चकचकीत गोळी लहान मुलाला पेपरमिंटसारखी दिसते. आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता भारतातल्या अनेक समाजांत आढळते. अशा मुलांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि जीवावर बेतू शकतं. आपल्या घरात अशी कमतरता आहे हे पुष्कळांना माहीतही नसतं. टाकल्या असतील तर हातमोजे घालून आजच वेचून काढा.

पिंजऱ्याचं तुमच्या यजमानांच्या मनात आलं, त्यामागे दयाच आहे, मला कळतं. पण जूनमध्ये पकडलेली मादी लांब सोडली तर तिची पिल्लं घरट्यात उपाशी मरतात. तिलाही अनोळखी जागेत आडोसा कुठे, खाणं कुठे, कळत नाही, आणि ती लवकरच ससाण्याच्या किंवा कोल्ह्याच्या तावडीत सापडते. पकडून आणलेल्या जनावराबरोबर रोगही नव्या जागी जातात. २०२० पासून अमेरिकेतल्या रानसशांत एक जीवघेणा विषाणू पसरला आहे, तेव्हा हा धोका पुस्तकी नाही. म्हणूनच अनेक राज्यांत परवान्याशिवाय रानटी जनावर पकडून दुसरीकडे सोडायला बंदी आहे. आणि एवढं करून तुमचं अंगण रिकामं राहत नाही. खाणं आणि आडोसा आहे तिथे शेजारचा ससा आठवड्याभरात येतो. पिंजरा अजून आणला नसेल तर ते पैसे हार्डवेअर क्लॉथमध्ये घाला.

तिखट पुन्हा भुरभुरू नका. पावसाने जातं हे तर झालंच, पण कोरडी पूड वाऱ्याने जनावराच्या डोळ्यांत आणि नाकात जाते, आणि ते पायाने डोळे चोळत बसतं. तिखटाच्या अर्काचे किंवा सडक्या अंड्याच्या वासाचे तयार फवारे मिळतात. त्यांचा थोडा उपयोग होतो, पण दर पावसानंतर आणि दर नव्या पानावर पुन्हा मारावे लागतात. फुलझाडांना ठीक. जी पालेभाजी खुडून थेट परातीत यायची आहे तिच्यावर मी मारत नाही. दुकानदार तुम्हाला "ब्लड मील"ही सुचवेल. ते कत्तलखान्यातल्या वाळवलेल्या रक्ताचं खत असतं. सासूबाई सोवळं-ओवळं पाळत असतील तर आणण्याआधी त्यांना सांगा, मागाहून कळलं तर त्यांना त्या वाफ्यातलं काही खाववणार नाही.

जाळीच्या आत सगळंच लावायची गरज नाही. कांदा, लसूण, अळू, तुळस, पुदिना यांच्या वाटेला ससे सहसा जात नाहीत, ते बाहेर राहू दे. टोमॅटो आणि मिरची एकदा गुडघाभर झाली की त्यांनाही भीती नाही, फक्त रोपं कोवळी असताना जपावं लागतं. आतली जागा मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, बीट, घेवडा आणि मटार यांना द्या. झेंडू लावला की ससे येत नाहीत असं इथे जो तो सांगतो. मी दसऱ्यासाठी दरवर्षी झेंडू लावते, आणि त्याची कोवळी रोपं सशांनी खाल्लेली मी स्वतः पाहिली आहेत. झेंडू तोरणासाठी जरूर लावा, राखणीसाठी नको.

एक गोष्ट मात्र करा, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हिरवळीतलं क्लोव्हर मारू नका. नवीन घर घेतलं की हिरवळ गालिच्यासारखी करायची म्हणून लोक तणनाशक मारतात, क्लोव्हर आणि डँडेलियन नाहीसं होतं, आणि मग सशाला वाफ्याशिवाय दुसरं काही उरत नाही. अंगणाचा लांबचा कोपरा तसाच राहू द्या. ससे तिथे चरतील, तुमच्या मुलाला रोज संध्याकाळी दिसतील. वाफ्याजवळचा काटक्यांचा ढीग आणि उंच गवत मात्र काढून टाका, म्हणजे लपायला जवळ जागा राहत नाही. डेकखालची पोकळी जाळीने बंद करायची असेल तर तोंडाशी आधी वर्तमानपत्राचे बोळे हलके भरून ठेवा. तीन दिवस ते जागचे हलले नाहीत तरच आत कुणी नाही समजा आणि मग बंद करा.

हिवाळ्याचं आत्ताच लिहून ठेवा, नाहीतर डिसेंबरात विसराल. हिरवा चारा संपला की ससे कोवळ्या झाडांची साल खातात. अंगणात सफरचंदाचं, अंजिराचं रोप किंवा गुलाब असेल तर बुंध्याभोवती हार्डवेअर क्लॉथचा नळकांडा उभा करा, सालीपासून दोन-तीन इंच दूर. त्याची उंची बर्फाचा थर धरून ठरवा, कारण ससा बर्फावर उभा राहून वरची साल गाठतो.

शंका उरली तर रटगर्स विद्यापीठाच्या कृषी विस्तार केंद्राची तुमच्या काउंटीतली कचेरी गाठा. तिथे मास्टर गार्डनर म्हणून प्रशिक्षण घेतलेली माणसं फोनवर मदत करतात. कापलेल्या देठाचा फोटो त्यांना दाखवा.

आता मेथीचं. सासूबाईंना म्हणावं, गेलेल्या मेथीसाठी जीव जाळू नका. नाहीतरी जुलैच्या इथल्या उन्हात मेथी आणि कोथिंबीर पाला कमी धरतात आणि फुलावर येतात. जाळी लागली की मोकळ्या झालेल्या जागेत लाल माठ आणि चवळी टाका, त्यांना हे ऊन मानवतं. मेथीसाठी ऑगस्टचा शेवटचा आठवडा राखून ठेवा. बी रात्रभर भिजवून, वाफ्याचा एक भाग पेरा, आठ दिवसांनी दुसरा, म्हणजे एक बिघडलं तरी दुसरं हाताशी राहील. रात्री थंड व्हायला लागलेल्या असतात, पाला कोवळा आणि दाट येतो. महिन्याभरात, म्हणजे सप्टेंबर संपता संपता, पहिली जुडी निघेल. मुळासकट उपटू नका, वरून खुडा. सासूबाई विमानात बसण्याआधी आणखी एकदा फुटेल.